स्वयंपाकघरातून जाणारी पायवाट

एप्रिल १९७९, रविवार सकाळ. चिंचवडच्या आमच्या घरात सोसायटीची सभा. हजर : चेअरमन, खजिनदार, चिटणीस म्हणून मी आणि हौसाआक्का.

आक्कांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या पुढच्या दारानं आल्या, चपला हातात घेऊन सभेच्या मधून चालत गेल्या, स्वयंपाकघरात "डाळ करपतीया" एवढं सांगून मागच्या दारानं बाहेर पडल्या.

"ह्या कोण?" खजिनदार दचकले.

"रहदारी," मी म्हटलं.

आमची कॉलनी उभी आहे ते आक्कांचं शेत. पोरांनी जमीन विकली, पायवाट विकली नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या पायवाटेवर आमचं घर आलं, ही आमची चूक. "बसा, आक्का" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसाया न्हाई आले, बाई. वाटंला लागलीया."

त्यांच्यावर काय रागवायचं? कारखाने आले तशी शेताशेतात एकेक कॉलनी उगवली. प्लॉट पाडणाऱ्या प्रत्येकानं हायवेपासून रस्ता आत आणला आणि आपल्याच भिंतीपाशी संपवला. पलीकडचा रस्ताही त्याच भिंतीला येऊन थांबतो. शेजारणीकडून विरजण आणायचं तर ट्रकांच्या गर्दीतून मैलभर वळसा! नकाशे काढणाऱ्यांनी एकदा तरी हातात वाटी घेऊन चालून बघावं.

आमच्या मागे तेव्हा कमरेएवढी भिंत होती. तिच्यापलीकडे, दुसऱ्या सोसायटीच्या हद्दीत, जुन्या वस्तीतलं शेवटचं घर आहे. तिथं आक्कांची धाकटी जाऊ, सोनाबाई. तिची नजर गेलेली. सून कंपनीत, शिफ्टला. आक्का माझ्या धुण्याच्या दगडावरून भिंत ओलांडायच्या आणि दुधात भाकरी कुस्करून तिला भरवायच्या. दुसऱ्या कुणाच्या हातचं ती नीट खात नसे.

मे महिन्यात पलीकडच्या सोसायटीनं भिंत पुरुषभर उंच केली, वर काचा रोवल्या. आक्का एकदा हायवेनं निघाल्या. ट्रकचा धक्का लागला, हात मोडला. पोरांनी त्यांचं जाणं बंद केलं.

भिंतीला एक दार पाडायचं, गवंड्याचं दोन दिवसांचं काम. आमची कमिटी म्हणते, आधी त्यांनी ठराव करावा. त्यांची म्हणते, आधी आम्ही. माझा तिसरा अर्ज दोन्हीकडे पडून आहे. अंध बाईच्या जेवणापेक्षा ह्यांना ठरावाचा क्रम मोठा!

आता दुपारी आक्का दगडावर उभ्या राहून हाक मारतात, "सोने, खाल्लंस का गं?"

पलीकडून आवाज येतो, "व्हय आक्का, पोटभर."

काल त्या दगडावरून उतरल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "खोटं बोलतीया."

दार अजून व्हायचंय.