ऊर्णाची पदवी आणि माश्यांचा प्रवेश

एका जंगलात झाडं थोडी आणि महाविद्यालयं फार झाली होती. तिथे, बाळांनो, ऊर्णा नावाची एक तरुण कोळीण राहायची. आठ पायांची, जाळं विणणारी.

ऊर्णाला तिच्या आत्याने वाढवलं होतं. आत्या करवंदीच्या जाळीत राहायची. सकाळी जाळं विणायची, दुपारी जेवायची आणि संध्याकाळी डुलक्या काढायची. ऊर्णालाही विणता यायचं, पण ते कुणी शिकवलेलं नव्हतं, याची तिला फार लाज वाटायची.

एक दिवस तिला वडाच्या खोडावर जाहिरात दिसली. वस्त्ररचनेतील पदव्युत्तर पदवी, कालावधी दोन वर्षं. तिने प्रवेश घेतला.  आत्या रोज एका माशीचा डबा न चुकता पाठवत राहिली.

विभागप्रमुख होत्या डॉक्टर कसरबाई. कपाटातले कपडे कुरतडते ना, तीच कसर. जन्मभर त्यांनी कापडच खाल्लं होतं, त्यामुळे त्यांच्या अनुभवाबद्दल कुणाला शंका नव्हती. रंगसंगती शिकवायला बगळा होता.

पहिल्याच तासाला कसरबाईंनी सांगितलं, की येतं ते आधी विसरा. ऊर्णा हुशार, तिने आठवड्यात सगळं विसरून दाखवलं. मग दोन वर्षं तिने तक्ते केले, तुकडे चिकटवले आणि भोकाला भोक म्हणायचं नाही, नकारात्मक अवकाश म्हणायचं, हे पाठ केलं.

शेवटच्या परीक्षेला तिने सभागृहाच्या दोन खांबांमध्ये जाळं विणलं. खरंच सुंदर झालं होतं. बगळ्याने मान वाकडी करून विचारलं, की यामागची संकल्पना काय?

"माशी," ऊर्णा म्हणाली.

 कसरबाईंनी तिला समजावलं, की माशी हा उपयोग झाला. ऊर्णाने घाईघाईने उत्तर बदललं. स्थलांतरित पोकळीची अस्वस्थता, असं काहीसं ती म्हणाली. तिला पहिला वर्ग मिळाला, आणि प्रदर्शनात ठेवलेल्या त्या जाळ्यासमोर पाटी लागली: कृपया स्पर्श करू नये.

त्याच आठवड्यात आत्याचे गुडघे गेले. आठही. डबा बंद झाला, आणि दोन पोटांचा भार ऊर्णावर आला.

ऊर्णा नोकरी शोधायला निघाली. वटवाघळाच्या कंपनीत पुढच्या वर्षी कोणते रंग चालतील हे सांगायचं काम होतं, पण तिथे दिवे नव्हते. मच्छरदाणीच्या कारखान्यात तिचा अर्ज वाचून मुलाखत घेणारे डास आजारी पडले. बाकी सगळीकडे पाच वर्षांचा अनुभव मागत होते. आता कोळ्यांचं आयुष्यच मुळी अडीच-तीन वर्षांचं, त्यातलं बहुतेक तिने शिकण्यात घातलेलं.

 शेवटी ती उपाशीपोटी आपल्याच जाळ्यापाशी जाऊन बसली. प्रदर्शन बघायला माश्या झुंडीने येत होत्या. दोन हात लांब उभ्या राहत होत्या आणि माना हलवत होत्या.

"जरा जवळून बघा ना," ऊर्णा काकुळतीने म्हणाली.

एका माशीने पाटीकडे पाय दाखवला. "आम्ही शिकलेल्या माश्या आहोत," ती म्हणाली.

प्रदर्शन संपलं. ऊर्णा जाळं आणि पाटी घेऊन करवंदीच्या जाळीत परतली आणि आत्यासमोर ढसाढसा रडली. दोन वर्षं फुकट गेली, तुझ्या तोंडचा घास मी खाल्ला, असं बरंच काही म्हणाली. आत्याने सगळं ऐकून घेतलं. तिला नवल वाटलं ते एकाच गोष्टीचं.

"पोरी," आत्या म्हणाली, "या माश्या पाटी वाचतात होय?"

ऊर्णाचं रडू थांबलं.

दुसऱ्या दिवशी करवंदीच्या जाळीत तेच जाळं लागलं. पाटीही तीच, फक्त उलटी करून नव्याने लिहिलेली: ऊर्णा वस्त्ररचना संस्था. प्रवेश सुरू. शंभर टक्के प्लेसमेंट.

दुपारपर्यंत माश्यांची रांग लागली. सगळ्यांत पुढे तीच शिकलेली माशी होती, काखेत प्रमाणपत्रांची फाईल घेऊन. तिने चौकशी केली, की प्लेसमेंट नेमकी कुठे होते?

"इथेच," ऊर्णा म्हणाली. "बाहेर कुठे जावं लागत नाही."

माशीच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून ऊर्णाला वाईट वाटलं. अगदी खरं वाईट वाटलं. पण आत्या सकाळपासून उपाशी होती. ऊर्णाने जाळ्याचं दार दाखवलं आणि पुढच्या विद्यार्थिनीला आवाज दिला.

महिन्याभराने कसरबाई तपासणीला आल्या. त्यांनी जाळं पाहिलं, हजेरीपट पाहिला. एकदा आत आलेली विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडून गेल्याची एकही नोंद त्यांना सापडली नाही. संस्थेला त्यांनी तिथल्या तिथे मान्यता दिली.

तात्पर्य: उच्च शिक्षणाने पोट भरतंच, बाळांनो. कुणाचं, ते माहितीपत्रकात बारीक अक्षरांत छापलेलं असतं.