जावयाची चारित्र्य पडताळणी

माणूस ओळखावा तर आम्हीच! अठ्ठावीस वर्षं दक्षता विभागात काढलीत. समोरचा चहाचा कप कसा उचलतो, यावरून तो लाच किती खातो ते सांगतो!

म्हणून रुचिराने, आमच्या लेकीने, गुडगावचा साकेत पसंत केला तेव्हा मी स्पष्टच सांगितलं, "आधी पडताळणी, मग होकार!"

"बाबा, तुम्ही नाही म्हणालात ना, तर मी कुणाशीच लग्न करणार नाही!" पोरीचा जीव गुंतला होता खरा. मलाही वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

रविवारी साकेत आणि त्याची आई सुनेत्राबाई आमच्या दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरवर आले. पोहे झाले. छंद विचारला, तर म्हणे व्हिडिओ गेम! मी मनात लाल शेरा मारला. तोंडाने म्हणालो, "अच्छा! दाखव बघू खेळून. खेळात माणसाचा खरा स्वभाव कळतो."

त्याने लॅपटॉप उघडला. "काका, हा जपानी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे आपणच एक पात्र होऊन खेळायचं. गोष्ट ठरलेली, सोबती आधीच नेमलेले. आपली पाळी आली की वार करायचा. अनुभव साठला की बढती."

"अरे, ही तर केंद्र सरकारची नोकरी!"

"आणि वेस्टर्न, म्हणजे पाश्चात्त्य गेममध्ये हवा तसा माणूस बनवा, हवं तिकडे जा, हवं ते करा."

"कसलाच नियम नाही, म्हणजे गुडगाव!" चहा देता देता कुमुद, म्हणजे आमची ही, म्हणाली.

जपानी खेळ मला बेहद्द आवडला. नायक सोबत्यांसाठी रडतो काय, वाकून माफी मागतो काय! राक्षससुद्धा आपली पाळी येईपर्यंत निमूट उभा! इथे मेट्रोच्या दारात तरी कुणी असं थांबतं का? पण मी फसणाऱ्यातला नव्हे. "यात चांगलं वागणं सक्तीचं दिसतंय. ते दुसरं लाव!"

दुसऱ्यात साकेतने एका म्हातारीची हरवलेली शेळी शोधून दिली. वर बक्षीसही नाकारलं!

"नाटक! सासरा बघतोय म्हणून!" मी लॅपटॉप ओढला. "मोकळीक मिळाली की माणूस कसा वागतो, ते मी दाखवतो!"

त्याच म्हातारीच्या घरात शिरलो. चुलीवर तांब्याचं पातेलं होतं. उचलून पाहिलं, तर चक्क उचललं गेलं! मग परात घेतली, घोंगडी घेतली, बारा चमचे घेतले.

"अहो, गरीब आहे हो ती!" कुमुद कळवळली.

"गप्प बस गं! बघतंय कोण?"

शेळीला हात घालणार, तोच शिपाई हजर! पडद्यावर तीन पर्याय आले: तुरुंगात जा, पळून जा, लाच द्या. मी क्षणाचाही विचार केला नाही. "दे रे याला शंभर मोहरा आणि मिटव एकदाचं!"

रुचिराने तोंड ओढणीत लपवलं. सुनेत्राबाईंनी शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली.

"चल साकेत," त्या म्हणाल्या. "विचार करून कळवतो हं आम्ही."

आठ दिवस रुचिरा माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी फोन आला आणि होकार मिळाला! "काका नवीन आहेत, शिकतील हळूहळू," असं म्हणून साकेतनेच आईची समजूत घातली म्हणे. पोरगा सोन्यासारखा आहे हो, मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं!

सुनेत्राबाईंची अट मात्र एकच आहे. लग्नात रुखवताच्या भांड्यांजवळ मला एकट्याला सोडायचं नाही.