डायनोसॉरच्या नाती आणि आबा मास्तर

आमच्या शेजारचे आबा मास्तर रोज सकाळी कोंबड्यांना फळीवरून पळवत. परड्यातल्या फणसाला एक लांब फळी तिरकी टेकवलेली असे. हातात शिपटी घेऊन मागून मास्तर, "धाव गो! पंख हालय!" कोंबडी फडफडत वर जायची नि फांदीवरून धप्पकन आमच्या अळवात पडायची. मग आईच्या तोंडाचा पट्टा सुरू!

मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवत. पाखरं म्हणजे पिसं असलेल्या लहानशा डायनोसॉरची लेकरं, असं त्यांचं ठाम मत. ती धावता धावता उडू लागली की झाडावरून उड्या टाकून, एवढंच ठरायचं राहिलं होतं. ते काम मालवणच्या कोंबड्यांवर सोपवलेलं. जेवतानासुद्धा तंगडी उंच धरून सांगत, "ही कोंबडी न्हय, डायनोसॉराची नात!" मास्तरांच्या पत्नी, आमच्या काकी, म्हणत, "आधी गिळा तिका, मगे शिकवा."

"उडूक काय एका दिसात येता? लाखो वर्षां लागली!" हे त्यांचं कायमचं. घर शाकारायचं राहिलं, तरी हेच. दाढ ठणकतेय, तरी हेच. आम्ही हसायचो. त्यांची लेक कुसुम मात्र हसत नसे.

तिला मुंबईला मामाकडे राहून कॉलेज करायचं होतं. मॅट्रिकचा निकाल जूनमध्ये, आणि मुंबईच्या आगबोटी पावसाळ्यासाठी मेमध्येच बंद. म्हणून आमच्याकडची पोरं निकालाआधीच शेवटची बोट धरत. मास्तर म्हणाले, "निकाल तर येवंदे. घाई कित्याक?" निकाल आला. कुसुम शाळेत पहिली! पण बंदर बंद, घाटात धो धो पाऊस, ती वाटही बंद. पुढच्या वर्षी काकी अंथरुणाला खिळल्या. त्या गेल्या, आणि कुसुमचं लग्न आंबोलीला लावून दिलं. काय हुशार पोर हो! आजही जीव हळहळतो.

पुढे माझ्या बहिणीनं, शमीनं, मॅट्रिकची परीक्षा दिली. मास्तर घरी आले नि मला म्हणाले, "चेडवाक कधी धाडतंस?"

"निकाल तर लागूंदे, मास्तर," मी म्हटलं.

"निकाल घाल चुलीत!" ते एवढ्यानं ओरडले की आई धावत बाहेर आली. "फाल्या शेवटची बोट आसा. बोटीर घाल तिका!" मग ओट्यावर मटकन बसले. "माका वाटला, येळ आसा रे. माझ्या चेडवाचा वाटोळा मीच केलंय."

जाऊन ते एक कोरी पत्र्याची ट्रंक घेऊन आले. झाकणावर पांढऱ्या रंगात 'कुसुम'. "तिच्यासाठी घेतललंय. नाव खरवडूक गेलंय, हात चलूक नाय."

दुसऱ्या दिवशी बंदरावर मास्तरही आले. बोट लांब उभी, तिथवर होडीनं जायचं. होडीवाल्यानं ट्रंक आत घेतली, नाव वाचलं नि हाक मारली, "कुसुम खंय गेली? बस गो बेगीन!"

शमीनं मास्तरांकडे पाहिलं.

"ही इलंय," म्हणाली, आणि होडीत बसली.