चालण्याजोगी गल्ली

एका जंगलात, बाळांनो, एक गल्ली होती. तिचा नकाशा नव्हता, पण तिच्यावर करंजांची सावली होती. दोन्ही बाजूंना दुकानं होती. हरणं तिथून चालत, साळिंदरंही चालत. दोघं समोरासमोर आली की हरणं बाजूला होत. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी धोंडाक्का कासवीण शिंगाडे विकत बसे. तिचं तळं तिथून जवळच होतं. उजाडताना निघाली की न्याहारीच्या वेळेला ती जागेवर. याहून लांबची जागा तिला झेपलीच नसती.

एकदा सिंहमहाराज परमुलखातलं जंगल पाहून आले. म्हणाले, "तिथे भर बाजारात प्राणी चक्क पायांनी चालतात! आपल्याकडे असं काहीतरी हवं."

मग घारसाहेबांना बोलावलं. साहेब मोठे तज्ज्ञ. त्यांनी गल्लीची पाहणी केली, अर्थात वरून. वरून त्यांना नुसती पानं दिसली.

"महाराज, इथे कुणीच चालत नाही."

"अरेरे!" महाराज हळहळले. "मग पाडा सगळं."

पण पाडण्याआधी सुनावणी घ्यायची असते, म्हणून घेतली. मैदानात सगळे जमले. घारसाहेबांनी नकाशा दाखवला. गल्लीच्या जागी रुंद फरसबंदी चौक. विक्रेत्यांना डोंगरापलीकडे नवी जागा.

धोंडाक्का शेजारणीकडे वळली. "साळूबाई, डोंगर चढेपर्यंत माझे शिंगाडे सडतील की गं!"

"मला काय सांगतेस? त्यांना सांग," शेजारची साळूबाई फणकारली. "तुझं तोंड माझ्यापुढेच चालतं."

तेवढ्यात महाराज म्हणाले, "कुणाची हरकत असेल, तर त्याने पुढे येऊन सांगावी."

धोंडाक्का शेवटच्या रांगेतून निघाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती घाईत होती. एकच वाक्य मनात घोळवत होती.

महाराजांनी वाट पाहिली. चांगली एक जांभई पुरी होईपर्यंत.

"कुणीच पुढे आलं नाही. मंजूर!"

टाळ्या झाल्या, लाडू वाटले, सगळे घरी गेले. धोंडाक्का व्यासपीठाशी पोहोचली तेव्हा तिथे फक्त एक मुंगी लाडवाचे कण गोळा करत होती.

"महाराज, आम्ही तर रोजच चालतो," धोंडाक्का तिला म्हणाली. इतकं पाठ केलेलं वाक्य वाया कसं घालवायचं?

"सरक गं मावशी," मुंगी म्हणाली. "वाटेत उभी राहू नकोस."

चौक झाला. दुपारी फरशीवर भाकरी भाजली असती. संध्याकाळी मोठमोठे प्राणी हत्तींवर बसून चालायला येत. दोन फेऱ्या मारत, एकमेकांचं कौतुक करत आणि हत्तींवर बसून परत जात.

एके दिवशी धोंडाक्का टोपली घेऊन आपल्या जुन्या जागी आली. तिथे हत्तींनी वाहून आणलेलं एक भलंमोठं दगडी कासव होतं. खाली कोरलं होतं, 'सावकाश चाला'. ती त्याच्या सावलीत टेकली.

पहाऱ्यावरचं मुंगूस धावत आलं. "ओ मावशी, उठा! इथे बसायला बंदी आहे."

"अरे, हे एवढं मोठं कासव बसलंय ते?"

"त्याला महाराजांनी बसवलंय. तुम्ही आपल्या आपण बसलात."

तात्पर्य: बाळांनो, सावकाश पण नेटाने चालणारा शेवटी पोहोचतोच. ज्याला वेळेवर पोहोचायचं असेल, त्याने मात्र दगडाचं व्हावं. त्याला न्यायला हत्ती येतात.