‘जातो’ म्हणणारा झिबल

सिनेमावाल्यांनी आमच्या झिबलला फसवलं. चारचौघांत, भर तंबूत, पडद्यावर उजेड पाडून फसवलं. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

झिबल आमच्या गावचा ढीवर. तलावात जाळं टाकायचा आणि मासळी माझ्या दुकानी आणायचा. माणूस सरळ, पण एक खोड भारी. कुणाच्याही घरून निघताना तो ‘येतो’ म्हणत नसे. ‘जातो’ म्हणे. बाळंतिणीच्या दारात ‘जातो’, लग्नाच्या मांडवात ‘जातो’. बायका त्याला पाहून कडाकडा बोटं मोडत.

दादाजी पाटील महिनाभर अंथरुणाला खिळले होते. झिबल भेटायला गेला आणि उठताना म्हणाला, “जातो, पाटील.” पाटील ताडकन उठले आणि काठी शोधू लागले.

“मुडद्या, येतो म्हन! मले मारतं का?”

“जाऊन राह्यलो त येतो काऊन म्हनू?” झिबल अंगणातून ओरडला. “अन् पाहा, तुमी त उठून बसले!”

ही खोड आली नाटकातून. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला आमचं गाव दरसाल एकच नाटक करतं, आणि त्यातली मुलगी झिबलच होतो. दाढीमिशा घोटून, नऊवारी नेसून उभा राहिला की त्याची सख्खी मावशीसुद्धा ओळखत नाही. नाटकातल्या बापानं मुलीचं लग्न एका म्हाताऱ्या जमीनदाराशी ठरवलेलं. मुलीला शिकायचंय. शेवटी बाप उंबऱ्यात आडवा पडतो आणि म्हणतो, मला ओलांडून जा. ती ओलांडते. बाप रडून म्हणतो, “पोरी, निदान ‘येते’ तरी म्हण!” ती मागं वळून म्हणते, “नाही बाबा. जाते.”

बस. सगळं नाटक त्या एका शब्दावर उभं आहे. मी स्वतः बापाशी भांडून, अंगावरच्या कपड्यांनिशी या मुलखात आलो आणि मोहफुलं, धान, मासळी विकून उभा राहिलो. मला कुठलं नाटक रडवत नाही. हा शब्द रडवतो.

त्याच नाटकाचा सिनेमा निघाल्याचं कळलं. मी मूल गावी जाऊन सिनेमाच्या तंबूवाल्याशी घासाघीस केली, चहा पाजला, दम भरला आणि तोच सिनेमा आमच्या बाजारात आणवला. झिबल नवा सदरा घालून सगळ्यांच्या पुढं बसला. जणू त्याच्याच मुलीचं लग्न होतं!

बाप उंबऱ्यात पडला. झिबलचे ओठ हलू लागले. पडद्यावरची बाई वळली आणि गोड हसून म्हणाली, “येते हं, बाबा.” पुढं ती खरंच परत आली, त्याच म्हाताऱ्याशी लग्नाला उभी राहिली, बापाचे पाय चेपत गाणं म्हणाली!

झिबल उठला. त्याची सावली पडदाभर झाली. “जाते म्हन, बाई! जाते म्हन नाऽ!”

“ए लंब्या, खाली बस! आमी काय तुह्यी पाठ पाहाले आलो?” मागून ओरडा झाला.

झिबल बसला. मला हळूच म्हणाला, “सेठ, हे त माह्या घरीच असते. हेच पाहाले इथी काऊन आलो?”

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या झोपडीवर गेलो. उंबऱ्यावर त्याची आंधळी माय बसून चाचपत जाळं सांधत होती. मी म्हणालो, “सिनेमा खोटा आहे झिबल. आपलं नाटक खरं.”

“नाई सेठ. मले बी जवानीत नागपूरची नाटक कंपनी बलावत होती. गठुडं बांधलं होतं. माय अशीच इथी बसली होती. मायले कोनी ‘जातो’ म्हनते काय?” त्यानं जाळं खांद्यावर टाकलं, मायच्या बाजूनं अंग चोरून पाय बाहेर काढला. “माय, येतो.”

“येजो बापा.”

साऱ्या गावाच्या दारात ‘जातो’ म्हणत हिंडणारा हा माणूस. आपल्या दारात एकदाही म्हणाला नव्हता.

यंदाच्या मंडईत झिबल उंबरा ओलांडून वळला. तो म्हणाला, “येते, बाबा.” एवढ्या टाळ्या त्याला कधी पडल्या नव्हत्या. आता माझ्या दुकानातून निघतानाही तो ‘येतो, सेठ’ म्हणतो. मी ओरडतो, “जातो म्हण!” तो हसतो.

बाजारात मी मुठीत जो दाणा दाखवतो, तोच पोत्यात भरतो. दुसरा भरला तर लोक मला चौकात उभं करतील, आणि करावंच. सिनेमावाल्यांनो, तुम्ही नाव त्याच नाटकाचं लावलंत आणि माल बदललात. वर्षातून एकदा, एका शब्दापुरता हा माणूस घराबाहेर पडत होता. ‘जाते’चं ‘येते’ कुणी केलं? लपू नका. इथं या, झिबलच्या दाराशी उभे राहा आणि सांगा.