चार बोटं पाणी

वसाहतीत आदर्श जलतरण तलाव बांधावा, असा ठराव एकमताने मंजूर झाला. आधीच्या आदर्श बागेत कचरा पडतो म्हणून झाडं नव्हती आणि आदर्श वाचनालयात शांतता राहावी म्हणून वाचकांना प्रवेश नव्हता, त्यामुळे समितीच्या गाठीशी अनुभव भरपूर होता. तलावाचा आराखडा वसाहतीतल्याच एका वास्तुरचनाकाराने विनामूल्य करून द्यायचं कबूल केलं. त्यांना सगळे नकाशेवाले म्हणत. माणूस कमालीचा भिडस्त. चहा थंडगार आला तरी वेटरला वाईट वाटू नये म्हणून फुंकर मारून पिणारा.

या फुकटच्या कामामागे त्यांची आत्या होती. तिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं, आणि आता तिचे गुडघे आखडले होते. डॉक्टर म्हणाले होते, पाय तळाला टेकणार नाहीत इतक्या खोल पाण्यात रोज हातपाय मारले तर गुडघे सुटतील, नाहीतर खुर्ची आहेच. आत्या लहानपणी नदीत डुंबलेली. तिने त्याच आठवड्यात पोहण्याचा पोशाख आणि टोपी मागवून दाराच्या खुंटीला अडकवून ठेवली. रोज जेवताना ती विचारायची, "पाणी कुठवर आलं रे?"

पहिल्या आराखड्यात पाणी एका टोकाला कमरेइतकं आणि दुसऱ्या टोकाला पुरुषभर होतं. समितीने माना डोलावल्या. मग मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाईंनी सहज सुचवलं की उद्घाटनाची पहिली उडी अध्यक्षांनी मारावी. अध्यक्ष उठताबसता लोकांना 'पाण्यात पडलं की पोहता येतं' असं ऐकवत असत. त्या दिवशी मात्र त्यांची पाचावर धारण बसली. पुढच्या सभेत त्यांनी गंभीरपणे मांडलं की एक टोक खोल आणि एक उथळ ही उघड विषमता आहे, आणि आपल्या वसाहतीत ती खपवून घेतली जाणार नाही. समता प्रस्थापित झाली. सगळीकडे कमरेइतकं पाणी ठरलं.

मग विमा विकणाऱ्या सदस्यांनी अभ्यास करून आणला. बुडून मरणाऱ्यांपैकी बहुतेक जण पाण्यातच मरतात, हे त्यांनी तक्त्यासह दाखवून दिलं. पाणी गुडघ्यांवर आलं. यावर बाईंनी हरकत घेतली की गुडघाभर पाणी दिसलं की लोकांना पोहण्याचा मोह होणार, आणि इतक्या कमी पाण्यात पोहलं तर तळाशी डोकं आपटणार. पोहण्याचा मोहच होऊ नये इतकं पाणी असावं. चर्चेअंती चार बोटं ठरली. विमावाल्यांनी 'कोणाची बोटं' असा मुद्दा काढला, तेव्हा अध्यक्षांनी आपला हात पुढे केला.

सुरक्षेत मात्र कुठे हात आखडता घेतला नाही. जीवरक्षकाला सगळं पाणी नीट दिसावं म्हणून उंच मनोरा बांधला. मनोऱ्यावरून जीवरक्षक पडेल म्हणून खाली जाळी लावली. जाळीत तो अडकलाच तर सोडवायला दुसरा जीवरक्षक नेमला.

या सगळ्या सभांत नकाशेवाले तोंड उघडायचं ठरवून जात आणि पाणी पिऊन परत येत. 'अहो, याला तलाव म्हणत नाहीत' हे वाक्य त्यांच्या ओठांवर यायचं. पण मग कोणी विचारलं असतं, तुम्हाला पोहता येतं का? आणि नकाशेवाल्यांना पोहता येत नव्हतं. पोहण्याचा विषय निघाला की बाकीचे सदस्यही छताकडे बघू लागतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि इथे तर सगळ्यांच्याच मुठी झाकलेल्या. घरी आत्याला ते नुसतं "येतंय, येतंय" म्हणत, आणि ताटाकडे बघत.

शेवटी एक तांत्रिक अडचण आली. चार बोटं पाणी उन्हाने दुपारपर्यंत वाळून जाणार होतं. ते सतत भरत राहावं म्हणून नकाशेवाल्यांनी तलावाच्या मागे जमिनीखाली एक मोठी टाकी दाखवली, चांगली पुरुषभर खोल, आत उतरायला पायऱ्या. टाकी माणसांसाठी नसल्यामुळे तिच्यावर कोणीच हरकत घेतली नाही.

उद्घाटनाला अख्खी वसाहत लोटली. अध्यक्ष डोळ्यांना पोहण्याचा चष्मा आणि अंगात तरंगतं जाकीट चढवून तलावात शिरले, पलीकडच्या काठापर्यंत चालत गेले आणि टाळ्यांच्या गजरात बाहेर आले. त्यांचे घोटे भिजले होते. तेवढ्यात अंगात पोशाख, डोक्याला टोपी आणि हातात काठी अशी आत्या आली. ती बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिली.

"हे पुसायचं राहिलंय का?" तिने विचारलं.

अध्यक्षांनी हाच तलाव असल्याचं समजावून सांगितलं.

"मग यात पोहायचं कसं?"

"आजी, पोहण्याचा विषय अजेंड्यावर नव्हता."

"तुमच्यापैकी पोहता कोणाला येतं?"

सगळे आपापल्या मोबाइलमध्ये बघू लागले. आत्याने भाच्याकडे बघितलं. भाच्याने मान खाली घातली, आणि लाजेने त्यांना जमीन दुभंगली तर बरं असं झालं. जमीन अर्थात मागच्या बाजूला दुभंगलेलीच होती. पंप सुरू करण्यासाठी टाकीचं झाकण काढून ठेवलं होतं. आत्या काठी टेकत तिकडे गेली, वाकून खोली बघितली, काठी बाजूला ठेवली आणि पायऱ्यांवरून पाण्यात शिरली.

सगळे धावले. आत्या उताणी तरंगत होती आणि पाय झाडत होती. दोन वर्षं न वाकलेला उजवा गुडघा मजेत वाकत होता. दोन्ही जीवरक्षक काठावर उभे राहून मदतीसाठी ओरडत होते, कारण पोहणं येणं ही त्यांच्या नेमणुकीची अट नव्हती.

अध्यक्षांनी तिथेच तातडीची सभा बोलावली. टाकी मातीने बुजवत आणून तिच्यातलंही पाणी चार बोटांवर आणावं, असा ठराव आला. भराभर हात वर झाले. सवयीने नकाशेवाल्यांचाही हात निम्म्यावर गेला, मग तो गुडघा त्यांना दिसला, आणि हात खाली आला.

"मला पोहता येत नाही," ते म्हणाले. "म्हणून मी इतके दिवस गप्प बसलो. टाकीतलं पाणी आहे तेवढंच राहू दे."

ज्याला पोहता येत नाही अशा माणसाने तलावाचा आराखडा करावा, ही वसाहतीची घोर फसवणूक असल्याचं बाईंनी म्हटलं, आणि नकाशेवाल्यांना समितीतून एकमताने काढून टाकलं. टाकी बुजवण्याचा ठरावही मंजूर झाला. त्याची अंमलबजावणी करण्यासाठी उपसमिती नेमली आहे, आणि ती अजून आपला अध्यक्ष निवडते आहे. तोवर सकाळी सकाळी टाकीत दोघं जण असतात. आत्या तालात पाय मारते आणि भाचा तिच्या दंडाला धरून नाकातोंडात पाणी घेत शिकतो. ती त्याला हसते, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही.

तलावाला आदर्श तलावाचा पुरस्कार मिळाला. लांबलांबून मंडळी बघायला येतात, मनोऱ्याचं आणि जाळीचं कौतुक करतात, फरशी कुठून आणली ते विचारतात. पाणी इतकं कमी का, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. बाकी समितीत एक जागा रिकामी आहे. पोहता येत नसलं तरी चालेल, फक्त तसं म्हणायचं नाही. तुम्ही मघापासून हसताय खरे, पण पोहायचा विषय निघाल्यावर क्षणभर छताकडे बघितलंत ना? मग तुमचं नाव सुचवतो.