आधी वॅट सांगा

निकमकाका आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा मी ओळख करून घ्यायला गेलो. मी नमस्कार केला, तर त्यांनी विचारलं, "तुमचा गिझर किती वॅटचा हाय?" मला माझा रक्तगट ठाऊक होता, गिझरचे वॅट ठाऊक नव्हते. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी स्वतःच्या मुलाचं नाव विसरलोय.

काकांची सगळी नोकरी अंबडच्या एका कारखान्यात वायरमन म्हणून झाली. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला निघतात, काकांनी दोन चाकांची ट्रॉली बनवून घेतली. तिच्यावर घडीच्या पलंगासारख्या उघडणाऱ्या सोलरच्या प्लेटा, पोटात बॅटऱ्या आणि बाजूला प्लग लावायची रांग. ट्रॉली जुन्या जीपला जोडायची आणि जिथे वीज नाही तिथे भाड्याने न्यायची. रानातलं लग्न असो, डोंगरातलं आरोग्य शिबिर असो, नाहीतर त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावरची पाणपोई, काका हजर. जनरेटरशी मात्र त्यांचं हाडवैर. "डिझेल पितो अन् गावभर ढेकरा देतो," म्हणतात.

बुकिंगला आलेल्या माणसाची आधी उलटतपासणी होते. तारीख, गाव, मुहूर्त सगळं नंतर. "आधी वॅट सांगा." माणसंही ते वॅटमध्येच मोजतात. माझी बायको जरा आवाज चढवून बोलली, की मला हळूच सांगतात, "वहिनींचा लोड जास्त हाय, सांभाळून घ्या." मी त्यांच्या हिशेबी झिरोचा बल्ब आहे.

जीपमध्ये बोलायला कोणी हवं म्हणून ते मला ओढून नेतात. चांदवडजवळ एका मळ्यात हळद होती, तिथेही नेलं. पोचल्या पोचल्या काकांनी उभा मांडव सरकवायला लावला, कारण त्याची सावली प्लेटांवर पडत होती. नवरीच्या मामांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं, पण मांडव सरकला. मग डीजेवाला आला. त्याने सांगितलेले वॅट ऐकून काका खुर्चीवर बसले.

"तुला ट्रॉली नाय पुरायची. तू एक धरण बांध."

"काका, डीजेशिवाय हळद कशी व्हईल?" मामा हातघाईवर आले.

"माझ्या लग्नात काय डीजे होता? तरी बायको आलीच ना घरी."

शेवटी गावातलेच संबळवाले बोलावले. संबळाला वॅट लागत नाहीत, या आनंदात काका त्यांच्यापुढे असे नाचले की मामाही राग विसरून त्यांच्यात शिरले.

काकू गेल्यापासून काका घरात एकटेच. मुलगा सुधीर बंगळूरला. त्याचा फोन क्वचित यायचा आणि आला की विषय एकच: ट्रॉली विका आणि इकडे या. यंदा त्याने तिकडूनच गिऱ्हाईकही शोधलं. एक मंडपवाला रविवारी ट्रॉली बघायला येणार होता. काका हो म्हणेनात की नाही म्हणेनात. त्या आठवड्यात त्यांनी मला एकदाही वॅट विचारले नाहीत, तेव्हा मला खरी काळजी वाटायला लागली.

रविवारी सकाळी काका दारात उभे. "चला, बुकिंग हाय."

"अहो, आज तो मंडपवाला येणार ना?"

"येईल अन् जाईल."

पेठच्या पुढे, घाट उतरून आम्ही एका पाड्यावर आलो. वादळात विजेचे खांब पडले होते, ते अजून उभे राहिले नव्हते. जाणती पोरं दिंडोरीकडे द्राक्षबागांवर मजुरीला गेलेली. मागे म्हातारी माणसं आणि त्यांचे बंद पडलेले फोन. काकांनी एका टेकाडावर प्लेटा उघडल्या, कारण तिथे ऊनही होतं आणि रेंजही. एकेक जण फोन घेऊन आला. काका गुपचूप चार्जर लावत होते. वॅट कोणालाच विचारले नाहीत.

फोन जिवंत झाले तसे बागांवरच्या पोरांना फोन लागायला लागले. एका आजीचं मुलाशी बोलून झालं, तिने डोळे पुसले आणि फोन काकांच्या हातात दिला. "घे काका, पोऱ्यासंगं बोल." तो त्या टेकाडावरचा रिवाजच होता; काका दर रविवारी इथे येतात, हे मला तेव्हा कळलं. प्रत्येक जण आपलं बोलणं झालं की फोन काकांकडे देत होता. काकाही प्रत्येकाला विचारत होते, "जेवला का रे? पाठ दुखती का? आईची काळजी करू नको, मी येतो दर रविवारी."

काकांचा स्वतःचा फोन शर्टाच्या खिशात होता, कायम पूर्ण चार्ज असलेला. तो सकाळपासून एकदाही वाजला नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी माझ्या फोनवरून सुधीरला फोन लावला, "वडलांशी बोल," म्हटलं आणि त्या आजीसारखाच फोन त्यांच्या हातात दिला.

काका गोंधळले. मग सवयीने म्हणाले, "जेवला का रे?"

पलीकडून त्या मंडपवाल्याचा विषय निघाला असावा. काकांनी टेकाडावर बसलेल्या माणसांकडे पाहिलं.

"नाय विकायची, सुधीर. माझं इथं काम हाय." सुधीरने पुन्हा बंगळूरला यायचा आग्रह धरला असावा. मग आमच्याकडे पाठ करून म्हणाले, "मग तूच ये ना. लॅपटॉप आण, इथंच लावू तुझं काम."

सुधीरने लॅपटॉपच्या विजेचं काहीतरी विचारलं असावं. काकांनी फोन कानाशी घट्ट धरला.

"वॅट नको सांगू. तू ये नुसता."